कोऱ्या कागदावरचा शिक्का

"दादा, तुम्हाला वाचता येतं. खरं सांगा, त्या कागदावर माझंच नाव आहे का हो?"

बावीस वर्षं झाली. तरी वर्ष सरत आलं, चीनमधल्या शाओशिंग शहराच्या कालव्यांवर धुकं उतरलं, की शेंग वेनपूच्या कानात दिंग टोफूवाल्याचा हा आवाज घुमू लागे. कचेरीच्या प्याद्यांनी तेव्हा दिंगचे हात बांधले होते. मनगटांवर सोयाबीनच्या दुधाचा फेस अजून ओला होता. "तुमचंच आहे," कचेरीचा तरुण लेखनिक वेनपू खाली बघत म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. ते नाव कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, हे बिचाऱ्या दिंगने विचारलंच नव्हतं.

दरवर्षी बाराव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी हाकिमाचा शिक्का पिवळ्या कापडात बांधून पेटीत ठेवत, आणि महिनाभर कचेरी बंद. मध्येच दरोडा पडला, खून झाला, तर? म्हणून पेटीला कुलूप लागण्याआधी हाकीम अटकेच्या बारा कोऱ्या हुकमांवर शिक्का मारून ठेवी. गुन्हेगाराचं नाव मागाहून भरायचं. पण दरोडे कुठे रोज पडतात? कोरे हुकूम मात्र दरवर्षी संपत.

दिंगचा गुन्हा एवढाच, की त्याच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती आणि ती तो दारूच्या व्यापाऱ्याला द्यायला तयार नव्हता. व्यापारी हाकिमाच्या पंक्तीला बसणारा. दिंग कोठडीत गेला. त्याला पकडायला शिक्क्याचा कागद होता, सोडायला नव्हता! महिनाभर न्यायासन रिकामं. बाहेर कंदिलांचा सण सुरू झाला त्या दिवशी आत दिंग थंडीने गेला. वेनपू त्याला रोज गरम पेज नेऊन देई. दिंगची लेक कुइनियांग तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला पेज तेवढी कळली. तेव्हापासून दर वर्षअखेरीला ती "माझ्या बाबांचे एकुलते सोयरे" म्हणून त्याच्या दारी टोफू आणून देई, आणि वेनपूच्या घशाखाली तो कधी उतरत नसे.

यंदाही सकाळीच ती येऊन गेली. "काका, उकडून खा, थंडी फार आहे. काकू, यांना तिखट जास्त घालू नका हं!"

ती गल्लीच्या वळणाआड झाली असेल नसेल, तोच प्याद्यांचा नाईक थोंग आत शिरला. त्याने बाहीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. तांबडा शिक्का, आणि नावाची जागा रिकामी.

"शेंगभाऊ, तुमचं अक्षर म्हणजे मोती! लिहा: श्यू आशुई."

वेनपूचा कुंचला हवेतच थांबला. आशुई म्हणजे कुइनियांगचा नवरा. "त्याने काय केलं?"

"विहीर अडवली. सासऱ्याने मरेपर्यंत दिली नाही, आता व्यापाऱ्याच्या पोराला ती हवी आहे. लवकर आटपा, बारातले अकरा रातोरात खपले, हा शेवटचा कागद. शिक्का काल पेटीत गेला."

"हाकिमांना ठाऊक आहे?"

थोंग हसला. "हाकिमांनी बाराही शिक्के एका दमात मारले, मेजवानीची होडी खोळंबली होती. नाव विचारायला सवड कुणाला?"

"मी नुसता लिहिणारा," वेनपू पुटपुटला. "शिक्का हाकिमांचा..."

चुलीपाशी बसलेली त्याची बायको उठली. बावीस वर्षं ती त्याची झोपेतली बडबड ऐकत आली होती. कधी शब्दाने विचारलं नव्हतं.

"अहो, शिक्क्याला डोळे नसतात. तो कागदावर बसतो. माणसाच्या मानेवर त्याला कोण बसवतं?"

"वहिनी, यात तुम्ही पडू नका," थोंग गुरकावला.

"का पडू नको? तिचा टोफू माझ्या पातेल्यात आहे, नाईक! आणि तुम्ही हो, परत पेज नेऊन देणार का तिकडे? वाडगा घासून ठेवू?"

वेनपूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने कुंचला शाईत बुडवला आणि सावकाश, सुरेख अक्षरांत रिकाम्या जागी तीन चिनी अक्षरं लिहिली: शेंग वेनपू.

"अरे, हे काय केलंत!" थोंग ओरडला. "वेड लागलं का? शेवटचा कागद होता तो!"

"म्हणूनच. आता पेटी उघडेपर्यंत आशुईला कुणी हात लावू शकत नाही. तेवढ्यात तो वरच्या दरबारी अर्ज नेईल, आणि तो अर्ज मी लिहून देईन. मग मला न्या. हुकूम पक्का आहे. फक्त टोफूच्या गल्लीतून न्या."

अर्जावरची शाई वाळली, तेव्हा बायकोने त्याच्या खांद्यावर कापसाचा अंगरखा घातला.

वाचकहो, कोऱ्या कागदावर शिक्का मारणारा हाकीम दोषी खराच. पण तो कागद काही आपल्या पायांनी चालत कुणाच्या दारी जात नाही. कुणीतरी नाव भरतो, कुणीतरी दोरी आणतो, कुणीतरी खाली बघून "तुमचंच आहे" म्हणतो. आपला वाटा थोडा म्हणून आपण निर्दोष, ही समजूत सोडायला हवी. लिहिणारा हात थांबला, तर हाकिमाचा शिक्काही नुसता तांबडा डाग!

टोफूच्या गल्लीत जातं घरघरत होतं. कुइनियांग दळता दळता लहानपणीचंच गाणं म्हणत होती:

फिर रे माझ्या जात्या, दूध गळू दे पांढरे,
बाबा येतील घरी, दार ठेवते उघडे.

उघड्या दारात वेनपूला पाहून ती हसली. मग तिला थोंग दिसला, वेनपूच्या मनगटांवरची दोरी दिसली. जातं थांबलं. "काका! हे काय? तुम्हाला कशाला बांधलंय?"

वेनपूने आज मान खाली घातली नाही.

"पोरी, ती पेज मायेची नव्हती गं, भीतीची होती. तुझ्या बाबांना नेलं तेव्हा त्या कागदावर आधी कुणाचंच नाव नव्हतं. ते मी लिहिलं."