शेजारणीकडे ठेवलं आहे

लेउवार्डन शहराच्या या गल्लीत मी वीसेक वर्षं पार्सलं वाटतोय. पूर्वी माझं निम्मं काम चौदा नंबरच्या हिल्केमाबाईच करायच्या. लोक दिवसभर कामावर, म्हणून सगळ्यांची पार्सलं बाईंकडे ठेवायची आणि ज्याच्या त्याच्या दारात चिठ्ठी टाकायची: ‘शेजारणीकडे ठेवलं आहे.’ संध्याकाळी एकेक जण न्यायला यायचा. बाई कॉफी द्यायच्या, सोबत एक बिस्किट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद. नवरा गेल्यावर त्यांच्या घरात माणूस यायचा तो या पार्सलांपायीच.

पुढे कंपनीने आमच्या मोबाइलमधलं ‘शेजाऱ्याकडे दिलं’ हे बटण काढून टाकलं. आता पार्सल दारात ठेवायचं, फोटो काढायचा, चालू पडायचं. बेल वाजवली तर कॅमेऱ्यातून आवाज येतो, माणूस ऑफिसात असतो. मला या गल्लीतली दारं पाठ आहेत, चेहरे विसरलो.

परवा बाईंनी गाठलंच.

“वित्से, आज कुणाचं काही?”

“नाही, बाई.”

“लोकांनी खरेदी सोडली की काय?”

“सोडतायत कसले. गाडीत शिंकायला जागा नाही.”

“मग शेजारच्या रोएलचं दे की माझ्याकडे. भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकू येतं, तोंड काही दिसत नाही. टाक पूर्वीसारखी चिठ्ठी.”

“नोकरी जाईल माझी.”

“जाते कशाला? तुझ्या जागी यायला कुणाला वेड लागलंय?”

मी दिलं, रोएलच्या दारात चिठ्ठी टाकली. दया आली म्हणून नव्हे, वाद घालायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या नावावर तक्रार: पार्सल मिळालं नाही. रोएलने पुरावा म्हणून फोटो जोडला होता, माझ्याच चिठ्ठीचा. कंपनीने त्याला तीच वस्तू त्याच दिवशी नव्याने पाठवली. ती मी त्याच्या पायरीवर ठेवली, फोटो काढला. तेवढ्यात बाईंचं दार उघडलं. आज त्यांनी केस नीट विंचरले होते.

“काल आला नाही रे रोएल. साखरपाव आणून ठेवला होता मुद्दाम. चिठ्ठी मिळाली ना त्याला?”

“मिळाली.”

बाईंनी त्याच्या पायरीकडे पाहिलं. तसंच खोकं, तेवढंच.

“हे काय?”

“तेच. दुसरं मागवलं त्याने.”

“म्हणजे त्याला माहीत होतं, माझ्याकडे आहे ते.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मोबाइल पुढचं घर दाखवत होता.

“मग माझ्याकडचं?” त्यांनी विचारलं.

“ठेवा तुम्हालाच,” मी म्हणालो. “न्यायला कुणी येणार नाही.”