खणातल्या पंपाचा सूड

मी एक जुना, सेलवर चालणारा हवेचा पंप आहे. मित्रांनो, मी गरीब दिसतो, पण मनात डूख धरणारा आहे. आधीच सांगितलेलं बरं.

घरातली वीज गेली की खाऱ्या पाण्याच्या टाकीत हवा सोडायची, एवढंच माझं काम. भिंतीच्या सॉकेटमध्ये मला लावून ठेवायचं. वीज जाताच मी आपोआप सुरू होतो आणि नळीतून बुडबुडे सोडतो. कारखान्यात मला बारा तास सलग चालवून पाहिलं होतं, तेव्हा कुठे डब्यात भरलं.

माझे मालक चष्म्याचे दुकानदार. टाकी मात्र त्यांच्या लेकीची. तिचे दोन नारिंगी मासे, ठकू आणि पिटुकला, एकमेकांना सोडून कधी राहायचे नाहीत. एकदा सात तास वीज नव्हती, तेव्हा दोघांना मीच जगवलं. मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पठ्ठ्या, राखलंस हो!" मी फुगून गेलो.

पुढे घरात इन्व्हर्टर आला. मालकांनी मला सॉकेटमधून उपटलं आणि तिथे फोनचा चार्जर लावला. "याची घरघर डोकं उठवते. डबडं नुसतं!" असं म्हणून मला खालच्या खणात, मोडक्या चष्म्यांच्या काड्यांत टाकलं. पोटातले सेलसुद्धा काढले नाहीत. ते पाझरले आणि माझं आतडं जळत राहिलं. त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी धडा शिकवायचाच.

संधी आली. सगळे आठवडाभर आत्याकडे निघाले. लेक म्हणाली, "बाबा, पंप लावून जाऊ या ना."

"अगं, इन्व्हर्टर आहे ना! शिवाय शेजारच्या काकू येणार आहेत."

काकू कपडे शिवायच्या. रोज पाच वाजता खाणं घालून त्या बाजूच्या खुर्चीत काजं-बटणं करत बसायच्या. त्यांच्यासाठी मालकांनी काचेवर चिठ्ठी चिकटवली, 'लाईट गेली की फोन करा.'

आता टाकीतला दिवा रोज सात वाजता आपोआप बंद व्हायचा. पहिल्या दिवशी काकूंनी घाबरून फोन लावला, "अहो, लाईट गेली!" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मालक वैतागले, "काकू, ती लाईट नाही हो! टाकीतली लाईट जाणारच. तुम्हाला एवढंही कळत नाही का? आता लाईटसाठी फोनच करू नका!"

काकूंचा चेहरा उतरला. "नको तर नको," त्या पुटपुटल्या. खणात मला उकळ्या फुटत होत्या. चला, मालकांवर डूख धरणारं आणखी कुणीतरी मिळालं!

चौथ्या दिवशी भर दुपारी खरीच वीज गेली. मालकांनी इन्व्हर्टरवर फ्रीजही जोडला होता, त्यामुळे तासाभरात त्याने मान टाकली. टाकीतलं पाणी फिरवणारी मोटर बंद पडली. काकूंच्या घरातही वीज नव्हती, त्यांना सगळं कळत होतं. पण फोन करू नका म्हणाले ना? त्या आपल्या घरी फुगून बसल्या.

पाच वाजता त्या आल्या, तर ठकू पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी फोन लावला. तो लेकीने घेतला.

"काकू, खालच्या खणात पंप आहे! लवकर!"

काकूंनी मला उघडलं. जुने सेल काढून आतला पांढरा क्षार कात्रीच्या टोकाने खरवडला, आपल्या टॉर्चचे सेल घातले, नळी पाण्यात सोडली आणि बटण दाबलं.

मी हललो नाही. आता आठवण झाली का डबड्याची? भोगा आता!

काकूंनी पुन्हा दाबलं. मी दातखीळ बसल्यासारखा गप्प.

"काकू, पिटुकला दिसतोय का?" फोनवर लेक रडत होती. "सांगा ना, दिसतोय का?"

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. तिसऱ्यांदा बटण दाबताच मी असेल नसेल तेवढा जोर लावून सुरू झालो. ठकू हळूहळू सावरली. पिटुकला खडकामागे सापडला, आडवा. मी अडून बसलो तेव्हा तो गेला की आधीच, मला ठाऊक नाही. आपण घरी फुगून बसलो तेव्हाच तो गेला का, हे काकूंनीही कुणाला विचारलं नाही.

मालक परत आले. आता ते दर महिन्याला घराचा मेन स्विच बंद करून मला तपासतात, ताजे सेल घालतात आणि पाहुण्यांना सांगतात, "हा खरा इमानी!" मी मुद्दाम मोठ्याने घरघरतो. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, गावाला जाण्याआधी वीज बंद करून सगळं एकदा चालवून पाहा. वस्तू खणात टाकाल, तेव्हा सेल काढून टाका. आणि माझ्यासारखा डूख मनात धरू नका. ठकू अजूनही खडकामागे जाऊन थांबते, बराच वेळ. तिने माझं काय वाकडं केलं होतं?