दुर्बीणबाई हेडफोन घेतात

"फोनला भोकच नाही, त्याला मी काय करू, बाई?" दुकानदार म्हणाला आणि त्याने हेडफोनची वायर मेलेली पाल टाकावी तशी काउंटरवर टाकली.

दुर्बीणबाईंनी लेकीचा फोन हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. खाली चार्जिंगचं चपटं तोंड होतं, कडेला दोन बटणं होती. वायरची गोल पिन जाईल असं भोक खरंच कुठे नव्हतं. काल कामावरून येताना त्यांनी याच दुकानातून हा हेडफोन घेतला होता, लेकीला न सांगता. तिने हरखून डबा फोडला होता, पिन हातात धरून फोन उलटासुलटा केला होता आणि मग काहीच न बोलता सगळं परत डब्यात भरलं होतं. त्या न बोलण्याने बाईंचं डोकं कालपासून फिरलं होतं.

"मग परत घ्या," त्या म्हणाल्या.

"डबा फोडलाय."

"फोडल्याशिवाय कळणार कसं बसत नाही ते?"

"घेतानाच फोन आणायचा होता."

"आणि तुम्ही विचारायचं होतं! विकताना तोंडाला कुलूप घातलं होतं का?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. लेकीने बाईंची बाही ओढली. "आई, हळू."

"हळूच बोलतेय मी."

त्या हळू बोलत नव्हत्या. पण काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्या अशा घट्ट उभ्या राहिल्या की मागच्या माणसाला पुढे येता येईना. एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं, दुसरंही दाराकडे सरकलं, तेव्हा दुकानदाराने थोडे कापून घेऊन पैसे परत केले. पैसे देताना तो काहीतरी पुटपुटला. लेकीने मान खाली घातली. बाईंना त्याचं पुटपुटणं ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. तो म्हणाला होता, "काय कर्कश बाई आहे."

बाटल्यांच्या कारखान्यात त्यांना दुर्बीणबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. काचेच्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून एकीला एक घासत, खणखणत यायच्या, मागे पांढरा दिवा असायचा, आणि त्यातली केसाएवढी चीर गेलेली बाटली बाई नेमकी उचलून बाजूला टाकायच्या. एकोणीस वर्षं त्या एकाच स्टुलावर बसून हे काम करत होत्या. नव्या पोरी तासाभरात डोळे चोळायला लागत. बाईंची पापणी हलत नसे.

कानात घालायला कारखान्याने नारिंगी बोळे दिले होते. सुरुवातीला बाईंनी ते वापरले. पण बोळे घातले की लांबवर फुटणाऱ्या बाटलीचा आवाज कळत नसे, आणि तो कळला नाही तर काचा पुढच्या बाटल्यांत जायच्या. म्हणून त्यांनी बोळे खिशात ठेवायला सुरुवात केली, ते खिशातच राहिले. कान कधी गेले हे त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. दरवर्षी कारखान्यात कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, कानात टूं वाजलं की बोट वर करायचं. बाई तपासणाऱ्याच्या कोपराकडे बघत. बटण दाबताना त्याचं कोपर जरासं हलायचं. ते हललं की बोट वर. दरवर्षी पास. नापास झालं तर लाइनवरून उठवून क्रेट धुवायला पाठवायचे, आणि तिकडचा पगार अर्धा.

घरी दोघीच. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. लेक सोळाची, अभ्यासाचे तास फोनवर ऐकायची. तिच्या जुन्या इअरफोनचा एक कान मुका झाला होता आणि ती महिनाभर मागे लागली होती.

दुसरं दुकान मोठं होतं. आत शिरताच गाणं अंगावर आलं. बाईंना ते छातीत जाणवलं, कानात नुसतीच घरघर. भिंतभर डबे लटकले होते. एका तरुण विक्रेत्याने दोघींना गाठलं आणि तो डबे काढत, भराभर बोलत सुटला. त्याला दाट मिशा होत्या आणि तो बोलताना खाली बघायचा, त्यामुळे बाईंना एकही शब्द हाती लागेना. त्या मान हलवत राहिल्या. मान हलवली की माणसं पुढे बोलत राहतात, हे त्यांना पाठ झालं होतं.

विक्रेता थांबला. त्याने वर बघून काहीतरी विचारलं.

"हो, काळा चालेल," बाई म्हणाल्या.

विक्रेत्याने लेकीकडे बघितलं. लेकीचे कान लाल झाले. "आई, बजेट विचारतायत ते. कितीपर्यंत."

"मग तसं नीट बोलावं माणसाने. हे गाणं बंद करा आधी, एवढं मोठ्याने लावायची काय गरज आहे?"

"आई, तू..." लेकीने हात झटकला. मग विक्रेत्याला म्हणाली, "सॉरी हं," आणि सरळ बाहेर निघाली.

फुटपाथवर बाईंनी तिला गाठलं. "सॉरी कशाला म्हणालीस त्याला? आपण काय चोरी केली?"

"तीन वेळा विचारलं त्यांनी! तीन वेळा! तू कुणाचं ऐकूनच घेत नाहीस. आपलंच खरं."

"आठवड्याची एक सुट्टी असते मला. ती तुझ्या पायी घालवतेय आणि वर माझंच चुकलं?"

"मग नको घालवूस ना! मी ऑनलाइन मागवते म्हटलं होतं."

"आणि ते बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं?"

लेकीने मान फिरवली आणि चालायला लागली. दोघी एकमेकींपासून दोन हात अंतर ठेवून चालत राहिल्या. बाईंच्या टाचा दुखत होत्या. एक हेडफोन तर घ्यायचा, त्याला एवढी यातायात. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच जास्त राग आला.

तिसरं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, एका काउंटरएवढं. पुढे विक्री, मागे दुरुस्ती. चष्मा कपाळावर चढवलेला एक वयस्कर माणूस फोन उघडून त्यात फुंकर मारत होता. त्याने दोघींना स्टूल दिलं. एकच होतं. लेक उभी राहिली, तिने आपला फोन दाखवला आणि आता शहाण्यासारखं सगळं आधीच सांगितलं. वायरचा नको, बिनवायरचा हवा, एवढ्याच्या आत बसणारा. म्हाताऱ्याने तीन डबे काढले.

बाई काउंटरच्या काचेत ठेवलेले चार्जर बघत होत्या. काउंटरमागच्या भिंतीला आरसा होता. आरशात त्यांना लेकीचा चेहरा दिसत होता. ती म्हाताऱ्याकडे झुकून हळू आवाजात बोलत होती. मुद्दाम हळू. कारखान्यात पट्ट्याच्या गोंगाटात बाया ओठांनीच बोलतात, आणि बाईंना ते वीस पावलांवरून वाचता यायचं.

"गाण्यांसाठी नाहीये, काका," लेकीचे ओठ म्हणत होते. "बाहेरचा आवाज बंद होईल असा आहे का?"

म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. त्याची पाठ आरशाकडे होती आणि तो डब्यांवर वाकला होता, त्यामुळे त्याचे ओठ दिसेनात.

"रस्ता नाही. घरातलाच. आई टीव्ही खूप मोठ्याने लावते. बोलते पण ओरडून. भांडी आपटते. अभ्यासच होत नाही. तिला सांगून काही उपयोग नाही."

बाईंनी नजर परत चार्जरवर आणली. कोणीतरी थोबाडीत मारावी तसा त्यांचा चेहरा तापला. लेक खोटं बोलत नव्हती. खोटं बोलत असती तर बरं झालं असतं, तिला तिथल्या तिथे झापता आलं असतं.

"दाखवा इकडे," त्या एकदम उठून म्हणाल्या. "घेणार मी आहे ना? मी ऐकून बघते."

लेक दचकली. म्हाताऱ्याने एक हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला, मऊ गाद्या कानांवर नीट केल्या आणि लेकीच्या फोनवर बोटं फिरवायला लागला. बाई त्याच्या बोटांकडे बघत होत्या. बोट काचेवर टेकलं, वर सरकलं, थांबलं. म्हाताऱ्याने मान वर केली आणि भुवया उंचावल्या.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "आवाज अगदी स्वच्छ आहे. गाणं पण चांगलं आहे."

म्हातारा तसाच बघत राहिला. मग त्याचे ओठ सावकाश हलले. "ताई, अजून लावलंच नाहीये. पासवर्ड विचारत होतो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला असावा, कारण काउंटरची काच बाईंच्या बोटांखाली थरथरली. त्यांनी लेकीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, आरशात ती दिसत होती. ती तोंड अर्धवट उघडं टाकून आईकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जागेवर बसत असल्यासारखं काहीतरी चाललं होतं.

"मग लावा की," बाई म्हणाल्या. "उगाच भुवया काय उडवताय?"

लेकीने पुढे होऊन पासवर्ड टाकला. म्हाताऱ्याने गाणं लावलं, आवाज पूर्ण वर नेला. बाईंना उजवीकडून काहीतरी आलं, बंद नळात पाणी गुरगुरावं तसं. डावीकडून काहीच नाही. त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी, काचेची वस्तू ठेवावी तसा काउंटरवर ठेवला.

"तू ऐक. मला काय कळतंय त्यातलं?"

"नको," लेक म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नकोय मला. घरी जाऊ."

"सकाळपासून वणवण चाललीय आपली, आणि आता नको? चालणार नाही. महिनाभर डोकं खाल्लंस माझं. घाल तो!"

लेकीने हेडफोन घातला. आवाज कमी केला, थोडं ऐकलं, काढला. "चांगला आहे," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तिन्ही चांगलेच आहेत."

"तिन्ही सारखे कसे असतील?" बाईंनी तिन्ही डबे ओढले. "तुम्ही तो दिवा जरा इकडे करा हो."

म्हाताऱ्याने दुरुस्तीचा दिवा वळवला. बाईंनी एकेक हेडफोन दिव्यासमोर धरला आणि हळूहळू फिरवला. सगळ्यात महागडा त्यांनी लगेच बाजूला केला. "बिजागरीपाशी चीर आहे."

"शक्यच नाही. नवा कोरा पीस आहे," म्हातारा म्हणाला. त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. "आहे," तो म्हणाला. "साच्यातच आलीय. सहा महिन्यांत तुटला असता." मग त्याने त्याच मॉडेलचा दुसरा डबा काढून त्यांच्या पुढे धरला. "हाही बघून ठेवा, ताई. उद्या कुणी परत आणायला नको."

बाईंनी तोही बघितला. लेकीसाठी त्यांनी तिन्हींतला सगळ्यात साधा निवडला. पट्टी पत्र्याची, गादीची शिवण सरळ, सांधा घट्ट. म्हाताऱ्याने तो डब्यात घालताना मान डोलावली आणि न मागता थोडे पैसे कमी केले. या वेळी बाईंनी घासाघीस केलीच नाही.

बसमध्ये दोघींना एक बाक मिळालं. बाई उजवीकडे खिडकीशी बसल्या, लेक त्यांच्या डाव्या हाताला. पिशवी मांडीवर. दोन थांबे गेले. लेक काहीतरी बोलत असावी असं बाईंना वाटलं, कारण तिचा खांदा हलला. त्यांनी सवयीने मान हलवली.

लेकीने त्यांचा दंड धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. "कधीपासून?" ती तोंड नीट उघडून म्हणाली.

"काय कधीपासून?"

"आई."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग परत वळल्या, कारण बाहेर बघत राहिलं तर पुढचं कळलं नसतं. "डावा गेला त्याला झाली असतील चार-पाच वर्षं. उजवा आहे अजून थोडा."

"कामावर माहितीये?"

"नाही. आणि तू कुठे बोलायचं नाहीस."

"मला तरी सांगायचं."

"काय सांगणार? तुला अभ्यास कमी आहे का?" बाईंचा आवाज परत चढला. पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून बघितलं. बाईंनी ते पाहिलं आणि तोंड मिटलं. मग अंदाजाने, अगदी घशात बोलल्या, "आता? आता हळू आहे का?"

लेकीने मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, ते बाईंना कळलं नाही. लेकीचे डोळे भरले होते, आणि ती चिडलेलीही होती, सोळाव्या वर्षी माणूस चिडतं तशी, जगातल्या सगळ्यांवर एकदम.

पुढच्या थांब्यावर बस थांबली तशी लेक उठून उभी राहिली. "सरक," तिने हाताने खूण केली. "मला खिडकीशी बसू दे."

"आता? अर्ध्या वाटेत?" बाई करवादल्या. "लहानपणापासून खिडकीच लागते हिला. घे बाई, घे." पिशवी छातीशी धरून त्या बाकाच्या या टोकाला सरकल्या. लेक त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत आत गेली आणि त्यांच्या उजव्या अंगाला बसली.

बस सुटली. लेकीने बाहेर बघितलंच नाही. तिने डोकं बाईंच्या उजव्या खांद्याकडे कलतं केलं, आणि मोठ्याने नाही, ओरडून तर नाहीच, घरात बोलावं तसं म्हणाली, "भूक लागलीये मला."

ते बाईंना ऐकू आलं.