बुरुलचे शब्द, जसेच्या तसे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, तुमच्या बाबांच्या तळहातावर मावेन एवढा. पोटात कॅसेटची चपटी डबी, कडेला लाल बटण आणि कपाळावर हरभऱ्याएवढा दिवा. बटण दाबले की दिवा लागतो आणि समोरचा माणूस जे बोलेल ते मी धरून ठेवतो. किरगीझ देशाच्या राजधानीत, बिश्केकच्या कायदा महाविद्यालयात, पुस्तकांच्या कपाटात मी असतो. विद्यार्थी येतात, मला उचलतात, "केवढा गोड आहे हा!" म्हणतात. तेव्हा तोंड लपवावेसे वाटते. पण ज्याला नुसते कानच दिले आहेत, त्याने तोंड लपवायचे तरी कुठे?

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो दोर्दोय बाजार आणि लोखंडी डब्यातले ते दुकान. कनिशाय तिथे आली तेव्हा तिच्या कडेवर तापातून उठलेले मूल होते. दुकानदार म्हणाला, "ताई, काहीतरी बोलून बघा." ती बोलण्याआधी मूलच खोकले. दुकानदाराने तो खोकला परत वाजवून दाखवला आणि कनिशाय दचकली. खोकल्यामागची बारीक घरघरसुद्धा मी पकडली होती. तिने मुलाच्या छातीला कान लावला, मग मला विकत घेतले, आणि मला घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेली. माझ्या आयुष्यातले ते पहिले काम. त्या कामाची मला अजूनही लाज वाटत नाही.

कनिशाय कायदा शिकवायची आणि प्रबंध लिहायची. देशात तेव्हा नवे कायदे आले होते. परदेशांतून सल्लागार आले, मसुदे झाले, बाईला जमिनीत बरोबरीचा वाटा असे छापून आले. कनिशायचा प्रश्न साधा होता: छापलेला वाटा बाईच्या हातात का पडत नाही? विकास म्हणतात तो डोंगराच्या पायथ्याशी येऊन का थांबतो? याचे उत्तर पुस्तकात नव्हते, म्हणून ती मला घेऊन डोंगरात निघाली.

खूप गावे हिंडलो. बायका आधी मला बिचकत, मग माझ्याकडे बघत बोलत, आणि शेवटी मला विसरून जात. मी चांगला होतो तो एवढ्यासाठीच, की मला विसरता येत असे.

मग आम्ही बुरुलकडे गेलो. सासऱ्याच्या मोठ्या घरामागे एक खोली होती, तिथे ती आणि तिची लेक ऊलजान राहत. बुरुलने पडदा ओढला, ऊलजानला दारात बसवले, मधे नान ठेवला, चहा ओतला.

"एजे," ती म्हणाली. तिकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात. "हे बाहेर जाणार नाही ना? कळलं तर ही खोली जाईल माझी. हिला घेऊन कुठं जाऊ मी?"

"तुझं नाव बदलते. गावाचं नावच घालत नाही," कनिशाय म्हणाली आणि तिने हात नानवर ठेवला. "शब्द मोडला तर हा नान मला मारो."

यापेक्षा मोठी शपथ तिकडे नाही. बुरुलचे खांदे सैल झाले. लाल बटण दाबले गेले.

बुरुलचा नवरा कामासाठी रशियात गेला होता आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला होता. सोडले, असे त्याने फोनवर सांगून टाकले. लग्न मुल्लाने लावलेले, सरकारी कचेरीत त्याची नोंद नव्हती. त्यामुळे कायद्याच्या लेखी ती कुणाची बायकोच नव्हती.

"पण सरकारनं जमीन माणशी वाटली ना, तेव्हा माझं न् ऊलजानचं डोकं मोजलं होतं," बुरुल सांगत होती. "आमच्या दोघींची जमीन ह्याच घरात आली. ती थोरले भाऊजी कसतात. मी मागत नाही, म्हणून ही खोली आहे. दिवसभर बें-बें करणाऱ्यांमागं असते, त्यांची लोकर काढते. पलीकडं तो टणकांचा बांध दिसतो ना, त्याच्या पुढचा तुकडा माझा. रोज बघते. बघायला कुणी मनाई करत नाही."

कनिशायला हसू आले. हसू का, तेही सांगतो. तिकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव घेत नाही. नुसते नावच नाही, त्या नावात जी वस्तू असेल तिचाही उच्चार करत नाही. बुरुलचे सासरे कोइचुमान, त्यांच्या नावात 'कोइ' म्हणजे मेंढी आहे. थोरला दीर ताशतान, त्याच्या नावात 'ताश' म्हणजे दगड आहे. म्हणून मेंढ्या झाल्या बें-बें करणाऱ्या आणि दगड झाले टणक.

"मीपण लग्न झाल्यापासून लोखंडाला काळं म्हणते," कनिशाय म्हणाली. "एकदा भर वर्गात, काळा पूल म्हणाले. पोरं खिडकीतून शोधायला लागली!"

"तुम्ही पण? शहरात राहून?" बुरुल इतकी हसली की ऊलजान दारातून डोकावली. ते हसूही माझ्याकडे होते.

बिश्केकला परतल्यावर कनिशायचे मार्गदर्शक झारिलबेक अगाय, म्हणजे झारिलबेक सर, यांनी ती कॅसेट ऐकली. डोळे मिटून ऐकली. "एक अक्षर बदलू नकोस," ते म्हणाले. "जसंच्या तसं ठेव. यातच जीव आहे, बाकी सगळं आपलं पाल्हाळ."

आणि जसेच्या तसे ठेवले गेले. नाव बदलले, गाव गाळले, बुरुलचे शब्द मात्र तसेच राहिले. कनिशायने शोधनिबंध वाचला त्या परिषदेत परदेशी विद्वान कानाला दुभाष्याची यंत्रे लावून बसले होते. बें-बें करणाऱ्यांपाशी ते हसले, आणि 'बघायला कुणी मनाई करत नाही' या वाक्यापाशी सभागृह चिडीचूप झाले. मग टाळ्या. चहाच्या वेळी एकाने मला बोटाने टिचकी मारून म्हटले, "खरा विद्वान हा!" कनिशायने मला रुमालाने पुसले. तिला पदवी मिळाली, बढती मिळाली. मीही फुगलो. मला वाटले, मी नुसता आवाज धरत नाही, न्याय धरतो.

मग एका संस्थेने त्या निबंधाची सोप्या किरगीझ भाषेत पुस्तिका काढली. गावोगावच्या लोकांना कायदा कळावा, हा हेतू. हेतू चांगलाच होता. गठ्ठे बांधून पुस्तिका डोंगरात गेल्या, आणि बुरुलच्या गावात वाचनाला खुद्द कनिशायला बोलावले. ती आनंदाने गेली. लोक काय म्हणतात ते टिपायला मी तिच्यासमोर टेबलावर होतो, दिवा लावून.

शाळेची खोली भरली होती. पुढे पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे, त्यांच्यात कोइचुमान. खिडकीशी ताशतान. गावच्या सुना चहा देत होत्या, त्यांत बुरुल. ऊलजान तिच्या झग्याला धरून चालत होती, आणि उकळती किटली पोरीच्या डोक्यापासून दूर ठेवत बुरुल ओळीतून पुढे सरकत होती.

गावचा चिटणीस पुस्तिका वाचू लागला. रशियात गेलेला नवरा आला, मोजलेली डोकी आली, जमीन कसणारा दीर आला. लोक माना डोलवत होते. अशी घरे काय एक होती!

"'दिवसभर बें-बें करणाऱ्यांमागं असते...'" चिटणीस थांबला. "आता ही कोण बुवा? मेंढी म्हणायला हिची जीभ जळते का?"

"सासऱ्याचं नाव असेल, शहाण्या," मागून कुणीतरी म्हणाले. "तुझी बायको तुझ्या बापाचं नाव घेते वाटतं?"

"ती माझं घेते, तेसुद्धा शिवीसारखं!"

सगळे हसले. "वाच पुढं, वाच."

"'पलीकडं तो टणकांचा बांध दिसतो ना...'"

सेयिल नावाच्या म्हातारीने मांडीवर थाप मारली. "अगं बाई! मेंढीही नाही न् दगडही नाही? दोन्ही न म्हणणारी या खोऱ्यात एकच आहे. कोइचुमान, ही तुझी सून रे! पुस्तकात गेली तरी वळण सोडलं नाही पोरीनं!"

म्हातारीने कौतुकच केले होते, मित्रांनो. क्षणभर कोइचुमानच्या चेहऱ्यावरही ते उमटले. मग त्याआधी काय काय वाचले गेले होते ते एकेकाला आठवू लागले, आणि खोलीतले हसू विझले.

बुरुलने स्वतःचे नाव कनिशायकडून झाकून घेतले होते. पण सासरची जी नावे ती इतकी वर्षे जिवापाड झाकत आली होती, त्यांनीच तिला उघडे पाडले. कनिशायही त्याच मातीतली. ते शब्द तिच्या कानाला इतके घरचे होते, की त्यांवर सुनेची खूण असते हे तिच्या ध्यानातच आले नाही.

ताशतान उभा राहिला. "आमच्या चुलीवर जेवायचं आणि आमचीच गाऱ्हाणी परक्यांना विकायची? किती दिवस चाललंय हे?"

कोइचुमान उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे काहीसे बुरुलच्या तोंडावर दिसले.

त्या वेळी ती कनिशायसमोर होती, हातात किटली. तिकडे मानाच्या पाहुण्याला अर्धेच वाडगे चहा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. काठोकाठ भरणे म्हणजे, आता उठा. बुरुलने कनिशायचे वाडगे काठोकाठ भरले. चहा बशीत उतरला, बशीतून टेबलावर आला, माझ्या पायाशी आला.

कनिशायने तेव्हा बोलायला हवे होते. 'तिने शब्द माझ्या हाती दिले होते, चूक माझी आहे,' एवढे तरी. ती बोलली नाही. त्या दिवसाच्या कॅसेटवर तिचे न बोलणे अजून आहे. मागे ताशतानचा आवाज आणि एका मुलीचे रडणे.

खोली गेली. बुरुल लेकीला घेऊन वरच्या गावात भावाकडे गेली, हे कनिशायला फोनवर कळले. तिने मला खणात ठेवले आणि खण लावला. हिवाळाभर मी अंधारात होतो. माझ्यावर धूळ बसली, माझे रबर सुकले. याला उपेक्षा म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण तक्रार करावीशी वाटली नाही. कधी कधी खण उघडे, कनिशायची बोटे मला लागत आणि भाजल्यासारखी मागे जात. बाहेर तिचे मूल विचारी, "आई, रडतेस?" ती म्हणे, "नाही रे, कांदा चिरला." त्या खोलीत कांदा नव्हता.

बर्फ वितळल्यावर मात्र ती गेली. मला आणि बुरुलच्या पहिल्या कॅसेटला घेऊन.

भावाच्या अंगणात बुरुल लोकर पिंजत होती. ऊलजानच्या पायात मोजे होते, पण दोन जोडांतले. बुरुलने हात धुतले, पाहुणीला आत नेले, नान पुढे ठेवला.

"काही विचारायचं राहिलंय का, एजे?"

"माफी मागायला आले."

"माफी," बुरुल म्हणाली. "दार आहे का तिला? रात्री आतून कडी लावता येते?"

बुरुलने नानकडे बोट केले. "तोडा. पाहुण्यानं नान न मोडता जाऊ नये."

कनिशायने तुकडा मोडला. तो तिला गिळता येईना. ज्याच्यावर हात ठेवून शपथ घेतली, तोच घशात अडकला होता.

मग ती म्हणाली, "खटला भरू. लग्नाची नोंद नसली तरी मोजलेल्या डोक्याची नोंद आहे. तुझी आणि ऊलजानची, दोघींची. मी उभी राहते."

"कोर्टात विचारतील, कुणाविरुद्ध? मामंजींचं नाव घ्यावं लागेल."

"ते मी घेईन. तू नुसती मान हलव."

"तुम्हीच तर बोललात इतके दिवस माझ्यासाठी." बुरुलचा आवाज चढला नाही. "त्याचं हे झालं. आता जे बोलायचं ते मी बोलेन. आधी माझा आवाज मला परत द्या."

मित्रांनो, कॅसेट पुसायची एकच रीत असते. तिच्यावर दुसरे काहीतरी भरायचे. जितका वेळ बोलायला लागला, तितकाच पुसायलाही लागतो. कनिशायने मला खिडकीत ठेवले आणि बुरुलने स्वतःच्या बोटाने लाल बटण दाबले. दोघी गप्प बसल्या. माझ्या पोटातून तिची खोली गेली, बांध गेला, तुकडा गेला, ते हसूही गेले. त्यांच्या जागी चुलीतले लाकूड आले, ऊलजानचे शिंकणे आले, आणि संध्याकाळी डोंगरावरून कळप उतरला तेव्हा अंगणभर बें-बें आले.

ऊलजान खिडकीकडे धावली. "आई, आता म्हण ना! म्हण, मेंढ्या! आता कुठं आजोबा ऐकतायत?"

बुरुल हसली. तिने ओठ उघडले. मग तिची नजर माझ्या तांबड्या दिव्यावर पडली, आणि ओठ मिटले.

"हा ऐकतोय ना," ती म्हणाली.

मला जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

कनिशायने पुढे होऊन बटण बंद केले आणि मला बाहेर नेऊन ठेवले. त्यानंतर बुरुलने काय म्हटले, मला माहीत नाही. निघताना ती कनिशायला म्हणाली होती म्हणे, "सोमवारी कोर्टात या. याला घरी ठेवून." सोमवारी मी कपाटातच होतो. न्यायाधीशांनी काय विचारले, बुरुलने ते नाव उच्चारले की नाही, खटल्याचे पुढे काय झाले, यातले काहीही माझ्यासमोर कुणी बोलत नाही. कनिशायही नाही. नवे विद्यार्थी गावांकडे निघाले की ती मला टेबलावर ठेवते, ती कॅसेट घालते आणि त्यांना नुसत्या मेंढ्या ऐकवते.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्यावर विश्वास टाकून दार लावून काही सांगितले, तर ते कितीही सुंदर असो, जसेच्या तसे कुणाला देऊ नका. आधी बघा, त्या बोलण्यावर कुणाचे छप्पर उभे आहे. आणि सांगणारे माणूस बोलता बोलता थांबले, तर तुमच्यावरचा दिवा आपणहून विझवा. मला ते येत नाही. तुम्हाला येते.