रितेशच्या गाठीतल्या पेशी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. महाडच्या एका लॅबमध्ये डॉ. प्रियदर्शिनी माझ्यासमोर तासन्‌तास बसत. पुढे रक्त तपासणारे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो. लोक त्याचे छापील आकडे बघून माना डोलवत. माझा नुसता जळफळाट होई.

एकदा उमरठच्या वरच्या वाडीतून सुधीर आणि मीना तान्ह्या रितेशला घेऊन आले. न्हाऊ घालताना त्याचे एक वृषण मीनाच्या हाताला कडक, सुजलेले लागले होते. नव्या यंत्राने कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या एका प्रथिनाचा रक्तातला आकडा खूप मोठा दाखवला.

"कॅन्सरच हाय ना, म्याडम?" सुधीरने विचारले.

"तान्ह्या बाळात हा आकडा मोठाच असतो. त्यावरून काही सांगता येत नाही. गाठ काढून पेशी बघाव्या लागतील."

त्या यंत्राला उत्तर देता आले नाही, म्हणून मला केवढे बरे वाटले!

ऑपरेशन झाले. गाठीचा पातळ, रंगवलेला काप काचेवर ठेवून माझ्याखाली आला. वृषणात पुढे बीज तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्याही असतात. तान्ह्या बाळांतली घातक गाठ बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातून वाढते. इथे मात्र पोकळ्यांभोवती वेगळ्याच पेशींचे थर होते.

"आधार देणाऱ्या पेशी," डॉक्टर पुटपुटल्या. खात्रीसाठी त्यांनी काप पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या खास रंगकामाला मुंबईला पाठवले. झाले, आता मुंबईवरही जळणे आले! पण तिथलेही उत्तर तेच आले.

"म्हंजे पोराला काय नाय ना आता?" मीनाने विचारले.

"ही गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. सहसा परत येत नाही. दुसरे वृषण चांगले आहे. तपासायला मात्र आणत राहा."

मीना पदराने डोळे पुसत उठली आणि थेट त्या नव्या यंत्राला हात जोडून म्हणाली, "ह्या मशीननं वाचवला माझा पोर." डॉक्टर तेवढ्यात फोन घ्यायला गेल्या होत्या. तिला खरे सांगायला कुणीच नव्हते. मी अजून जळतो.

मित्रांनो, धाकट्या भावाला अशी सूज दिसली तर लाजू नका, लगेच घरी सांगा. आणि माझ्यासारख्यांच्या भिंगांवर धूळ बसू देऊ नका. पुढचे बाळ येईल, तेव्हा त्याची गाठ कोणत्या पेशीतून वाढली हे मला स्वच्छ दिसायला हवे.