झरीला नेलेले पाच शहाणे

चन्नबसम्मा देवाला कधी विचारत नसे, कळवत असे. रोज सकाळी अंघोळ करून ती पाटावर बसे, कपाळाला विभूती लावी, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेई, बेल वाही आणि मग आज दिवसभरात आपण काय काय उरकणार आहोत ते शिवाला ऐकवी. कुणाची मुलगी कुठं द्यायची, कुणी दुकान कुठं थाटायचं, कुणाच्या भांडणात कोण चुकलं, सगळं तिचं ठरलेलं असे. शिवानं फक्त हो म्हणायचं. तो बिचारा तिच्या तळहातावर बसून निमूट ऐकून घेई.

गंगाखेडच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीच्या हिमतीवर चालवलं, मुलाला, शिवप्रकाशला, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. त्यामुळे आपला अंदाज चुकत नाही अशी तिची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर सहसा चुकतही नसे. तिथंच घात झाला.

तिची सून शिवरंजनी घराच्या वरच्या खोलीत गणिताची शिकवणी घ्यायची. आठवी-नववीच्या पंधरा-वीस मुली यायच्या. थंडीत सुनेला ताप आला आणि ती आठवडाभर अंथरुणाला खिळली. चन्नबसम्माला तिची दया आली. हो, दयाच आली. बाई दुष्ट नव्हती. एका संध्याकाळी ती घरोघर जाऊन सांगून आली, की सुनेला आता झेपत नाही, शिकवणी बंद, मुलींना दुसरीकडे घाला. सुनेला विचारावं हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ताप उतरल्यावर शिवरंजनी फळा पुसून खोलीत वाट बघत बसली. एकही मुलगी आली नाही. कारण कळल्यावर ती ओरडली नाही की रडली नाही, बॅग भरून झरीला माहेरी निघून गेली. शिवप्रकाश दोनदा आणायला गेला आणि दोनदा हात हलवत परत आला. "ज्या घरात माझं मलाच इचारत न्हाईत, तिथं येऊन मी काय करू?" एवढंच ती म्हणाली होती.

दोन महिने गेले. घर खायला उठलं. मुलगा ताटावर बसायचा, चार घास गिळायचा आणि उठायचा. सून आली नाही तर मुलगाही हातचा जाणार, हे चन्नबसम्माला दिसत होतं. मग तिनं तिच्या रीतीनं फैसला केला. गावातली पाच वजनदार माणसं जीपमध्ये घालून झरीला न्यायची, आणि सुनेला घेऊनच परतायचं. पाच जणांपुढं नाही म्हणायची विहिणीची काय बिशाद!

जायच्या दिवशी पूजेला बसल्यावर मात्र नवल झालं. लिंग तळहातावर घेऊन तिनं दिवसाचा बेत सांगायला सुरुवात केली, आणि आतून कुणीतरी ठामपणे म्हणालं: माणसं नको नेऊ. एकटी जा. माफी माग. हे आपलं मन म्हणतंय असं तिला वाटणं शक्यच नव्हतं, कारण तिच्या मनाची तिच्याशी असं बोलायची टाप नव्हती. ती क्षणभर चपापली. मग पुटपुटली, "शिवा, ह्यातलं तुला कळत न्हाई." तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. रोज अर्धा तास चालणारी पूजा तिनं दहा मिनिटांत गुंडाळली आणि घाईघाईनं उठली.

वाटेत पिंगळीला सगळे चहाला उतरले. चन्नबसम्मानं चहाला हातसुद्धा लावला नाही, कारण ती शिकवण्यात गुंग होती. "तुमी खानदानाच्या इज्जतीचं बोला. तुमी पोराच्या हालाचं बोला. आन् अप्पा, तुमी समद्यात शेवटी बोला, जरा आवाज चढवून," तिनं आपल्या दिराला, शंभुराज अप्पांना बजावलं. पाचही शहाण्यांनी बशीतला चहा फुरकत माना डोलावल्या. या बाईपुढं त्यांची नेहमी तीच गत व्हायची.

झरीत पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. विहीण रुद्राणीनं सतरंजी अंथरली आणि पाण्याचा तांब्या आणून चन्नबसम्माच्या हातात दिला. भांडण कितीही असो, दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि आलेल्यानं ते प्यायचं. पाणी नाकारलं की सोयरीक मोडली, असंच तिकडं धरतात. चन्नबसम्माच्या घशाला कोरड पडली होती. पिण्याआधी गळ्यातल्या लिंगाला हात लावायची तिची लहानपणापासूनची सवय. हात गळ्याशी गेला.

गळा मोकळा होता. लिंगाची चांदीची डबी तिकडं गंगाखेडला पाटावरच राहिली होती.

अंगावर लिंग नसताना पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, हा नेम. या नेमावरून तिनं भल्याभल्यांना झापलं होतं, सुनेलासुद्धा. तिचा हात जागीच थांबलेला बघून शेजारी बसलेल्या शंभुराज अप्पांनी काय ते ओळखलं.

"वैनी, प्या गुमान," ते तिच्या कानाशी कुजबुजले. "पदर घ्या गळ्यावरून. कुणाला कळायलंय? न्हाई पिलात तर सोयरीक गेलीच समजा."

तोड नामी होती. एरवी तिनंच काढली असती. समोर रुद्राणीचा चेहरा कडक होत चालला होता, दारात शिवरंजनी येऊन उभी राहिली होती, आणि चन्नबसम्माला सकाळचे ते शब्द जसेच्या तसे आठवले. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. उलट तिला एकदम हलकं वाटलं. सांगणाऱ्यानं सांगायचं तेव्हा सांगितलं होतं. आता फक्त ऐकायचं होतं, आणि ते अजून जमण्यासारखं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे आमच्या घरचं पाणी चालत न्हाई तर," रुद्राणी म्हणाली.

"पाण्यात काय खोट न्हाई, विहीणबाई. खोट माझ्यात हाय." चन्नबसम्मानं पदर बाजूला करून मोकळा गळा सगळ्यांना दाखवला. "लिंग घरी राहिलं. सकाळी शिव मला सांगायलता, एकटी जा, माफी माग. त्याचं ऐकायचं नव्हतं, म्हणून पूजा उरकली आन् ह्या पाचांना घिऊन आले. शिवरंजनी, शिकवणी तुझी होती. ती बंद करणारी मी कोण? लय चुकले मी. माफ कर मला."

शंभुराज अप्पांनी ठरल्याप्रमाणे आवाज चढवण्यासाठी घसा खाकरला.

"तुमी गप बसा, अप्पा," ती म्हणाली. अप्पा गप बसले आणि मनातून सुटलेसुद्धा.

शिवरंजनी दार सोडून सासूपुढं येऊन बसली. मग म्हणाली, "बरं, मग आता तुमीच सांगा, आत्या. मी येऊ का नको?"

'चल' हा शब्द चन्नबसम्माच्या जिभेच्या टोकावर आला होता. साठ वर्षांची खोड ती. तिनं तो गिळला.

"त्ये मला नगं इचारू," ती म्हणाली. "शिवाला इचार. तो म्हणंल तसं कर."

शिवरंजनी आत गेली. हातपाय धुतल्याचा आवाज आला. अर्धवट उघड्या दारातून पूजेला बसलेली तिची पाठ तेवढी दिसत होती. पाच शहाणे टोप्यांनी वारा घेत बसले. ड्रायव्हर एकदा डोकावून गेला. रुद्राणीनं पुरुषांना चहा दिला आणि चन्नबसम्माच्या शेजारी येऊन टेकली. चन्नबसम्माची जीभ टाळ्याला चिकटली होती, पण डोकं शांत होतं. सून नाही म्हणाली तर आपण तिच्याशिवाय परत जाऊ, आणि तेही बरोबरच असेल, याची तिला पक्की खात्री वाटत होती. हा भरवसा तिला नवा होता. आजवर तिनं तो फक्त स्वतःवर ठेवला होता.

अर्ध्या तासानं शिवरंजनी बाहेर आली. कपाळावर ताजी विभूती होती आणि हातात एक लहानशी पिशवी.

"उठा, आत्या. गंगाखेड लांब हाय, आन् तुमी सकाळपासून पाण्याबिगर हाव."

चन्नबसम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पिशवीत फार तर दोन दिवसांचे कपडे मावले असते. किती दिवसांसाठी येतेस, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तो तिनं तिथंच ठेवला आणि जीपमध्ये खिडकीजवळची जागा सुनेला करून दिली.