साठच्या पुढे

चष्मेवाले काका सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. डोंगररस्त्यांवर लांबची भटकंती करण्याजोगी एक उंच, दणकट, वापरलेली मोटारसायकल त्यांच्या मनात भरली होती. आज ती बघायला जायचं होतं. त्यांची जुनी गाडी उद्या एक संगीतशिक्षिका घेऊन जाणार होती.

"अहो, फरशी झिजेल," बायको म्हणाली. "जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं, मनासारखी गाडी मिळतेय. मग खुपतंय काय?"

"कुठे काय," म्हणत ते निघाले.

खुपत होतं ते असं. वर्षापूर्वी त्यांची गाडी दुभाजकावर आदळली होती. तेव्हापासून वेग साठच्या पुढे गेला की हँडल डावीकडे ओढायचं. म्हणून शिक्षिकेला त्यांनी चक्कर मारायला दिली ती आपल्या चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीत. तिथे पावलोपावली गतिरोधक, चाळीस गाठायचीही सोय नाही! सगळेच असं करतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती, पण मन काही गप्प बसत नव्हतं.

उंच गाडी एका फिजिओथेरपिस्ट बाईंची होती. काकांनी फाटकाबाहेर एक फेरी मारली आणि "छान आहे" म्हणाले.

"इथे काय कळणार?" बाई म्हणाल्या. "हमरस्त्यावर न्या. ऐंशीला मागचं चाक थरथरतं. एकदा पडले होते मी. मेकॅनिकलाही दाखवा, मग ठरवा."

"असं सांगितलंत तर गिऱ्हाईक पळेल की!"

"पळू दे. माझ्याकडे रोज हाडं मोडलेली माणसं येतात. त्यांतला एखादा माझ्याच गाडीवरून पडलेला निघाला, तर कुठल्या तोंडानं त्याचा गुडघा वाकवू? शिवाय, मागे बसणाऱ्यानं तर चक्करही मारलेली नसते."

मागे बसणारा! शिक्षिकेची लेक रोज मागे बसून शाळेत जाणार होती. तिचा चष्मा काकांनीच केला होता, पाव नंबरही चुकू दिला नव्हता. तिथूनच त्यांनी फोन लावला.

"ताई, उद्या गाडी नेऊ नका. साठच्या पुढे हँडल ओढतं. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम गल्लीतच चालवायला दिली तुम्हाला."



"काका, लेकीनं कालच हेल्मेटवर स्वतःचं नाव लिहिलंय," एवढंच बोलून शिक्षिकेनं फोन ठेवला.

जुनी न विकल्यानं पैसे जुळले नाहीत, उंच गाडी राहून गेली. जुनी गाडी दुरुस्तीला गेली, पण शिक्षिका पुन्हा दुकानात आली नाही. ते काकांना अजून सलतं.

वाचकहो, जुनी वस्तू जरूर विका, पण तिचा दोष आधी आपल्या तोंडून सांगा. आपण गल्लीत लपवलेला दोष हमरस्त्यावर दुसऱ्याच्या लेकराला गाठतो.